अल्व्हिना थेलेन आणि चुकीच्या जागची होम प्लेट

सेंट वॉलबर्गच्या डेअरीत दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांना अल्व्हिना थेलेन फारशी आवडत नसे. कारण एवढंच, की ती फॅट बरोबर लावायची. तीन पॉइंट सहा आलं की तीन पॉइंट सहा. "अगं, जरा नीट बघ, रेघ सातला टेकलीय," असं कोणी म्हटलं की ती काचेची नळी त्याच्याच हातात द्यायची. "धर. तूच सांग, टेकलीय का?" माणूस डोळे बारीक करून बघायचा, नळी परत द्यायचा आणि जाताना दार आपटायचा. एकतीस वर्षं ती ही आपटणारी दारं ऐकत आली होती.

तिचा नवरा सिल्व्हेस्टर अगदी उलट. तो डेअरीचा टँकर चालवायचा आणि सगळ्यांशी त्याचं जमायचं. रविवारी चर्चमधून सुटलेलं अर्धं गाव बेसबॉलच्या मैदानावर जमायचं, आणि ते मैदान सांभाळायचं काम त्याचं. गवत कापणं, माती ओढणं, चुन्याच्या रेघा मारणं. चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत अंगणातला बर्फ ओढता ओढता तो खाली बसला तो उठलाच नाही. दफनानंतरच्या जेवणाला वर्जिल ओमाननं हळूच विषय काढला, "मैदानाचं आता काय करायचं?" सगळ्यांनी आपापल्या कॉफीत डोकं घातलं. तेव्हा अल्व्हिना म्हणाली, "मी करीन." तिला बेसबॉलचं तेवढं वेड नव्हतं, पण दुसऱ्या कोणी मारलेल्या वाकड्या रेघा दर रविवारी बघणं तिला जमलं नसतं.

वर्जिल हा संघाचा मॅनेजर. हमरस्त्यावर त्याचं पशुखाद्याचं दुकान. मैदान आखलं होतं त्याच्या वडिलांनी, अलॉइस ओमाननी, अठ्ठावन्न साली. फाटकावर लोखंडी अक्षरांत त्यांचं नाव होतं आणि गावात त्या नावाला फार मान होता.

रेघांनी मात्र अल्व्हिनाला पहिल्या वर्षापासून छळलं. रेघ मारायची पद्धत साधी. होम प्लेट म्हणजे जमिनीत बसवलेली पांढऱ्या रबराची पाच कोनांची फरशी. पिचरकडची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याकडची बाजू सरळ, सतरा इंचांची, आणि मागे टोक. त्या टोकाशी दोरी धरायची, ती पहिल्या बेसच्या, म्हणजे धावणाऱ्यानं गाठायच्या पहिल्या पिशवीच्या, कडेला घासून थेट मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या पिवळ्या खांबापर्यंत न्यायची आणि दोरीवरून चुना टाकत जायचं. पण दोरी खांबापाशी पोचायचीच नाही. दोन फुटांहून जास्त आत यायची. खांबाला टेकवली तर बेस सुटायचा, बेसला टेकवली तर खांब सुटायचा.

सिल्व्हेस्टर होता तेव्हा एकदा त्याला दोरी धरू लागताना तिनं विचारलंही होतं.

"बेसपाशी दोरी हलकेच वळवायची," तो म्हणाला होता. "गवताला काय कळतंय!"

"पण सरळ रेघ वळेल कशी?"

"पंचवीस वर्षं वळतेय ना?"

चार वर्षं तिनंही दोरी वळवली, आणि दर वेळी दाढ दुखत असल्यासारखा चेहरा करून वळवली. आधी तिला वाटलं, आपला हात चुकतो. मग वाटलं, खांब हलला असेल. अठ्ठ्याऐंशीच्या एप्रिलमध्ये, जमीन नुकती मोकळी झाली होती तेव्हा, तिनं डावीकडची दोरी लावून पाहिली आणि ती तिकडच्या खांबापासूनही तितकीच आत आली. बोटभरही फरक नाही. अल्व्हिना दोरीचं टोक हातात धरून कितीतरी वेळ उभी राहिली. दोन खांब दोन दिशांना आणि चूक दोन्हीकडे सारखी, म्हणजे खांब चुकलेले नाहीत. मग दोरी जिथून निघाली, ती जागाच चुकलीय!

नशिबानं त्या वर्षी प्लेट बदलायची होती. जुनीच्या कडा झिजून गेल्या होत्या आणि नवी गोदामात येऊन पडली होती. तिनं जुनी उखडली आणि खाली फावडं घातलं तर खण्ण वाजलं. पुढच्या कडेच्या बरोबर मध्यावर एक लोखंडी नळी जमिनीत ठोकलेली होती. मैदान मोजणाऱ्यानं अठ्ठावन्न साली खूण म्हणून ठोकलेली. दोन्ही रेघा जिथं मिळायच्या तो कोपरा म्हणजे ती नळी. प्लेटचं टोक तिच्यावर यायला हवं होतं. ज्यानं प्लेट बसवली त्यानं टोकाऐवजी पुढची कड नळीवर ठेवली, आणि अख्खी प्लेट सतरा इंच मागे गेली.

तिनं घरून पोलादी टेप आणली. पिचर ज्या फळीवर पाय ठेवून चेंडू टाकतो तिथून प्लेटच्या टोकापर्यंत साठ फूट सहा इंच असावं लागतं. टेप एकसष्ट फूट अकरा इंच म्हणत होती. पहिला बेस नव्वद फुटांवर हवा, तो एक्याण्णववर. तिनं तीनदा मोजलं. तीनदा तेच.

तिला खरं तर आनंद झाला होता. चार वर्षांची दाढ एकदाची निघाली होती. टेप खिशात टाकून ती तशीच मातीच्या बुटांनी वर्जिलच्या दुकानात गेली.

वर्जिलनं सगळं ऐकून घेतलं. मग काउंटरच्या बाहेर आला आणि दार लोटून घेतलं.

"अल्व्हिना, हे आणखी कोणाला सांगितलंस?"

"तुलाच पहिल्यांदा."

"मग शेवटचंही मलाच सांगितलंस असं समज."

"अरे, अर्ध्या दिवसाचं काम आहे. नवी प्लेट बसवायचीच आहे, ती नळीवर बसवू."

"ती प्लेट माझ्या बापानं बसवलीय."

"त्यांनीच बसवली असेल. चूक माणसाकडूनच होते."

"तीस वर्षांत कुणी मेलं का त्यानं?" वर्जिल म्हणाला. मग तो अचानक थांबला आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडल्यासारखं झालं. "थांब थांब. सतरा इंच लांब. म्हणूनच बाहेरून येणाऱ्यांचे चेंडू आपल्याकडे खाली पडतात होय!"

ते तिच्या लक्षातच आलं नव्हतं. पण होतं खरं. चेंडू तेवढा लांब गेला की तीन-चार बोटं खाली येतो. परगावचा पिचर आपल्या सवयीनं टाकायचा आणि चेंडू बॅटवाल्याच्या गुडघ्याखालून प्लेटवर यायचा, म्हणजे फुकट, अंपायर तो धरायचाच नाही. सेंट वॉलबर्गचे पिचर त्याच मैदानावर वाढलेले, ते नकळत थोडं वर मारायचे. घरच्या मैदानावर सेंट वॉलबर्ग क्वचितच हरायचं. आजूबाजूच्या गावांत म्हण होती, वॉलबर्गला जायचं ते हरून सॉसेज खाऊन यायला.

"मग काय तर," वर्जिल हसत म्हणाला, "बाप हुशारच होता माझा."

"आणि राज्य स्पर्धेचं काय?" अल्व्हिनानं विचारलं.

त्यावर तो हसायचा थांबला. सेंट वॉलबर्ग राज्य स्पर्धेला अकरा वेळा गेलं होतं आणि अकराही वेळा पहिल्याच सामन्यात हरून परत आलं होतं. घरात वाघ, बाहेर मांजर. त्याची गावाकडे पुष्कळ कारणं होती. तिकडच्या मोटेलातले पलंग मऊ, पाणी जड, अंपायर शहरातले. अलीकडे एक कारण जास्त चालायचं, की डॅरिल फुख्सच्या काळजात दम नाही. डॅरिल संघाचा मुख्य पिचर, सव्वीस वर्षांचा, चाळीस गाई सांभाळणारा अबोल माणूस. इथं तो कोणाला ऐकायचा नाही आणि स्पर्धेत त्याचे चेंडू छातीच्या उंचीवर जायचे, समोरचे ते उचलून उचलून मारायचे.

"त्याच्या काळजात सगळं ठीक आहे," अल्व्हिना म्हणाली. "आपण त्याला चुकीच्या अंतरावर शिकवलंय."

वर्जिलनं दार उघडलं. "संघाच्या कमिटीपुढे ठेवू," तो म्हणाला.

कमिटी चर्चच्या तळघरात बसली. अल्व्हिना धरून सात माणसं, कॉफी, आणि अल्व्हिनाची नणंद लिओना हिनं केलेला रुबार्बचा केक. अल्व्हिनानं कागदावर आकृती काढून नेली होती. कागद हातोहात फिरला, त्यावर केकचा चुरा सांडला आणि तो तिच्याकडे परत आला.

"तीस वर्षांत हजारो धावा त्या प्लेटवर आल्यात," एकजण म्हणाला. "त्या सगळ्या परत पाठवायच्या का?"

सगळे हसले.

"धावा राहू देत," अल्व्हिना म्हणाली. "प्लेट पाठवा. सतरा इंच पुढे."

"आणि प्लेटमागची जाळी? आणि बाकं? सगळंच लांब पडेल की."

"अहो, सतरा इंचांनी बाकावरून दिसायचं बंद होणार आहे का?" तिचा आवाज चढला. "होम प्लेटच चुकीच्या जागी असेल तर बाकी काय बरोबर आहे? सगळं तिथूनच मोजतात. माणूस तिथूनच निघतो आणि धाव घ्यायला परत तिथंच यावं लागतं. बाकीचे बेस म्हणजे पिशव्या आहेत, संध्याकाळी उचलून खोलीत टाकतो आपण. ही एकच जागा जमिनीत पुरलेली आहे, आणि तीच आपण चुकवलीय."

"अल्व्हिना," वर्जिल समजावणीच्या सुरात म्हणाला, "हे काही दुधाचं फॅट नाही."

हात वर झाले. सहा विरुद्ध एक. दुसऱ्या दिवशी वर्जिल स्वतः डॅरिलला घेऊन आला आणि दोघांनी नवी प्लेट जुन्याच खड्ड्यात बसवली. अल्व्हिना कुंपणापाशी उभी राहून बघत होती. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या आठवड्यात ती डॅरिलच्या गोठ्यावर गेली. तिला वाटलं, दुसऱ्या कोणाला नाही तरी याला हे कळायलाच हवं. दर ऑगस्टला गावाचं बोलणं खाणारा तोच होता. तिनं त्याला सगळं नीट सांगितलं. तो गाईच्या पाठीवर हात ठेवून ऐकत होता.

"म्हणजे तुझी चूक नव्हती," ती शेवटी म्हणाली.

डॅरिलनं गाईच्या पाठीवरचा हात काढला. मग म्हणाला, "म्हणजे इथं जे सामने जिंकलो, तेही माझे नव्हेत?"

"असं कुठं म्हटलं मी?"

"तसंच होतं ते, मिसेस थेलेन. गेल्या वर्षी तेरा जिंकले मी. तुम्ही आता सांगताय की ते मैदानानं जिंकले."

"अरे, मी तुझ्या बाजूनं बोलतेय!"

"ठाऊक आहे," तो म्हणाला आणि बादली उचलून आत गेला.

अल्व्हिना गाडीत बसली आणि तिनं स्टीअरिंगवर मूठ मारली. ज्याच्यासाठी करावं त्यालाही नको असेल तर ती कोणासाठी भांडत होती? पण तिला दुसरं काही सुचेना. रात्री झोपायला डोळे मिटले की तिला ती नळी दिसायची आणि तिच्यामागे सतरा इंच सरकून बसलेली प्लेट.

मेच्या दुसऱ्या शनिवारी पहाटे ती फावडं घेऊन गेली. आकृती नाही, कमिटी नाही. तिनं प्लेट उचलली, टोक नळीवर आणलं, पाणसळ लावली, माती ठोकून ठोकून बसवली. मग पिचरसमोरचा बॅटवाल्याचा चौकोन पुन्हा आखला. शेवटी दोरी लावली. दोरी टोकावरून निघाली, बेसच्या कडेला घासली आणि सरळ जाऊन पिवळ्या खांबाला टेकली. दुसरीकडेही टेकली. तिथं बघायला कोणी नव्हतं. तिनं एकटीनं चुना टाकला आणि घरी जाऊन पोटभर नाश्ता केला.

रविवारी सेंट वॉलबर्ग नऊ विरुद्ध दोननं हरलं, आणि तेही यादीत सर्वांत खालच्या गावाकडून. डॅरिलचे चेंडू स्पर्धेत जायचे तसे छातीवर जात होते. पुढच्या रविवारीही तेच. बाकांवरची माणसं डॅरिलच्या नावानं ओरडायला लागली. अल्व्हिनानं मनाशी म्हटलं, चार सामने जाऊ देत, हात बसेल त्याचा. महिनाभरात तो कुठल्याही मैदानावर बरोबर टाकायला लागेल.

पण वर्जिलला तेवढा धीर नव्हता. सोमवारी तो जाळीपासून प्लेटपर्यंत पावलं टाकत गेला आणि त्याला कळायचं ते कळलं.

बुधवारी चर्चच्या आवारात लिओनानं तिला गाठलं. "वर्जिलनं मैदानाच्या फाटकाचं कुलूप बदललंय," ती म्हणाली. "आणि प्लेट परत मागे नेलीय. फुख्सांचा डॅरिल होता बरोबर. अगं, तू हे कशाला केलंस? सिल्व्हेस्टर असता तर—"

"सिल्व्हेस्टरनं दोरी वळवली असती."

"मग? वळवायची ना तूही! त्याचं सगळ्यांशी नीट होतं."

नणंद अल्व्हिनाला आवडायची, पण त्या क्षणी तिच्या हातातली केकची थाळी उपडी करावीशी वाटली.

जुलैमध्ये शेजारच्या गावाचा संघ आला. त्यांचा कॅचर रस्ते खात्यात मोजणीचं काम करायचा. कॅचर दोन तास प्लेटमागे उकिडवा बसतो, त्यामुळे प्लेट त्याच्याइतकी कोणी बघत नाही. त्याला प्लेटच्या मागे-पुढे ताजी माती दिसली. दोन महिन्यांत तीनदा उकरलेली जमीन लपत नाही. त्यानं रेघेकडे बघितलं, मग खांबाकडे बघितलं आणि अंपायरला म्हणाला, "जरा टेप आणता का?"

टेप आली. सामना तिथंच थांबला. आठवडाभरानं लीगच्या मंडळाचं पत्र आलं. होम प्लेट नियमाप्रमाणे बसवावी, आणि सेंट वॉलबर्गचे या हंगामात घरी जिंकलेले पाच सामने रद्द. प्लेट एकदाची नळीवर आली.

अल्व्हिनाला वाटलं, आता तरी कोणी येईल आणि म्हणेल, तू सांगत होतीस. कोणी आलं नाही. उलट वर्जिलनं मंडळापुढे सांगितलं की वसंतात प्लेट बदलताना मैदान सांभाळणाऱ्या बाईंनी ती उकरली होती, पुढे आपल्या मनानं हलवलीही होती, त्या गडबडीत चुकली असावी. मुद्दाम कोणी काही केलेलं नाही, वयस्क बाई आहे, नवरा गेलेला आहे, मंडळानं सांभाळून घ्यावं. तालुक्याच्या साप्ताहिकात चार ओळी आल्या, "मैदान सांभाळणाऱ्या बाईंच्या हातून चूक." अलॉइस ओमान यांचं त्यात नावही नव्हतं.

तिनं मंडळाला तीन पानी पत्र लिहिलं. नळीबद्दल, अठ्ठावन्न सालाबद्दल, कमिटीच्या मतदानाबद्दल. प्लेट परत मागे नेताना वर्जिलबरोबर कोण होतं तेही लिहिलं. उत्तर एका ओळीचं आलं. प्रकरण मिटलेलं आहे, कळवल्याबद्दल आभार. कमिटीतल्या सहाही जणांनी कानावर हात ठेवले. मतदान? कसलं मतदान? केक खायला जमलो होतो.

हेही तिनं सोसलं असतं. पण पुढच्या सोमवारी डेअरीत रांगेतला एक म्हातारा शेतकरी तिच्या हातातल्या काचेच्या नळीकडे बघत मोठ्यानं म्हणाला, "काय गं अल्व्हिना, हे फॅटही सतरा इंच मागेच लावतेस काय?"

रांग खदखदून हसली. नेहमीसारखी नळी त्याच्या हातात द्यायची होती. पण तिनं ती दिली नाही. तिनं आकडा लिहिला, पावती फाडली आणि म्हणाली, "पुढचा." त्यानंतर आकड्यावरून वाद घालणारे वाढले. एकतीस वर्षांत जे कोणी बोललं नव्हतं ते आता कोणीही बोलायचं, की तिचं मोजणं काय, मैदानावर बघितलंच की आपण. दोन शेतकऱ्यांनी तर नमुना परत तपासायला जिल्ह्याला पाठवला. दोन्ही वेळा तिचाच आकडा बरोबर निघाला, आणि त्याचं साप्ताहिकात काही आलं नाही.

पुढच्या वर्षी सेंट वॉलबर्ग राज्य स्पर्धेत पहिला सामना जिंकलं. अकरा पराभवांनंतर. डॅरिलनं समोरच्यांना अवघ्या एका धावेवर रोखलं. चेंडू गुडघ्याच्या जरा वर, प्लेटच्या कडेवरून, जिथं हवा तिथं. गावात गाड्यांचे भोंगे वाजले. वर्जिलला खांद्यावर घेतलं. तो रेडिओवर म्हणाला की हिवाळ्यात गवताच्या कोठारात घेतलेल्या सरावाचा हा गुण आहे. अल्व्हिना स्वयंपाकघरात काकड्या बरण्यांत भरत होती. तिनं रेडिओ बंद केला आणि थोड्या वेळानं परत लावला, कारण दुसऱ्या सामन्याचं काय होतंय ते तिला ऐकायचं होतं. दुसरा ते हरले.

सप्टेंबरात एका दुपारी डॅरिल डेअरीत आला. बाकी कोणी नव्हतं. त्यानं टोपी काढली, ती हातात दोनदा फिरवली.

"मिसेस थेलेन, तुमचंच बरोबर होतं," तो म्हणाला. "गेल्या वर्षी प्लेट नळीवर आली, तेव्हापासून हात हळूहळू बसला. आणि ती प्लेट परत मागे नेली तेव्हा मी होतो तिथं. तेही तुम्हाला ठाऊकच आहे."

"आहे."

"मला वाईट वाटतं."

अल्व्हिनानं हातातलं काम बाजूला ठेवलं. वर्षभर ती याच वाक्याची वाट बघत होती, आणि ते आल्यावर काहीतरी हलकं होईल असं तिला वाटलं होतं. झालं नाही.

"डॅरिल, उद्या सकाळी सातला ये," ती म्हणाली. "तेव्हा इथं रांग असते. पंधरा-वीस माणसं. हेच, एवढंच, मोठ्यानं म्हण."

डॅरिलनं बुटांकडे बघितलं. "वर्जिल माझ्या आईचा सख्खा चुलत भाऊ आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

"बघतो."

दुसऱ्या दिवशी त्याच्या दुधाचे कॅन घेऊन त्याचा बाप आला. तिनं नमुना घेतला आणि आकडा लिहिला.

ती आणखी दोन वर्षं त्या काउंटरवर होती, मग निवृत्त झाली. निरोपाला लोकांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि वर्जिल चार चांगले शब्द बोलला, की बाई फार काटेकोर. टाळ्या झाल्या. लिओना शेजारून कुजबुजली, "बघ, विसरले सगळे. तूही सोड आता."

"विसरले नाहीत गं," अल्व्हिना म्हणाली. "त्यांना चुकीचं पाठ झालंय." आणि तिनं आपला कोट मागितला.